जसेच्या तसे दाखवा!

दिवाळीच्या फराळाला बोलावलेल्या आचाऱ्याने आपल्या डब्यातला बुंदीचा लाडू काढला, मोडला, त्यातले तूप निपटून घेतले, पुन्हा अंमळ लहान वळला आणि ताटात ठेवून वर म्हणाला, “घ्या, लाडूच आहे!” तर आपण त्याला काय म्हणू? भाऊबीजेपर्यंतसुद्धा तो आपल्या स्वयंपाकघरात टिकणार नाही. मग हाच उद्योग आपल्या दिवाणखान्यातले यंत्र रोज रात्री करीत असताना आपण मुकाट्याने का बसतो, हा माझा प्रश्न आहे. सणासुदीला तोंड कडू केल्याचा दोष पत्करूनही तो मी विचारणार आहे.

यंत्र कोणते ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या नगरातल्या (2024 पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर) काही हौशी घरांत एक नवी वस्तू आली आहे. एखाद्या कचेरीने काढून टाकलेला जुना संगणक स्वस्तात आणायचा, त्याला मोठी हार्ड डिस्क जोडायची आणि विकत घेतलेले चित्रपट, मुंजी-लग्नांची चित्रणे, आजोबांच्या एकसष्टीच्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली फाइल, हे सारे तिच्यावर ठेवायचे. संगणकावर सर्व्हरचा कार्यक्रम चालू केला की माजघरातल्या टीव्हीवर, पोरांच्या मोबाइलवर, पुण्याच्या लेकीकडे आणि अमेरिकेतल्या नातवाकडे जो तो हवे ते पाहू शकतो. योजना सुंदर आहे. महिन्याचे पैसे घेणाऱ्या चित्रपट-सेवांवर आज असलेला चित्रपट उद्या नसतो. घरच्या डिस्कवरचा कोणी उचलून नेत नाही. मी या योजनेचा भक्त आहे, म्हणूनच तिच्यातल्या उंदरावर माझा राग आहे.

त्या उंदराचे नाव ट्रान्सकोडिंग. चित्रपटाची फाइल म्हणजे एक डबा. त्यात चित्र एका पद्धतीने आवळून भरलेले असते, आवाज दुसऱ्या पद्धतीने, आणि खाली उमटणारी अक्षरे, म्हणजे सबटायटल्स, तिसऱ्या. टीव्हीला या साऱ्या पद्धती कळत असतील तर सर्व्हरने फक्त वाढप्याचे काम करायचे. डबा आहे तसा पुढे सरकवायचा. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. आतला माल कळतो पण डबा ओळखीचा नाही, असे असेल तर माल तसाच ठेवून डबा तेवढा बदलायचा. यातही चित्राला धक्का लागत नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र सर्व्हर चित्र उलगडतो, एकेक चौकट मोकळी करतो आणि ती सारी पुन्हा नव्याने, बहुधा पहिल्यापेक्षा घट्ट, आवळतो. हाच तो मोडून वळलेला लाडू. सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर अडीच तासांच्या चित्रपटात सव्वादोन लाख चौकटी होतात. त्या मोडून पुन्हा बांधण्याचे काम त्या जुन्या संगणकाने चित्रपट चालू असतानाच उरकायचे! मग पंखा घोंघावू लागतो, चित्र अडखळते, ऐन रंगात आलेल्या प्रसंगी पडद्यावर गोल चक्र फिरू लागते आणि घरातली मंडळी इंटरनेटवाल्याच्या नावाने बोटे मोडतात.

रूपांतर मुळात पाप आहे असे माझे म्हणणे नाही. पाथर्डीच्या एस.टी.त बसलेल्या माणसाला मोबाइलच्या तुटपुंज्या सिग्नलवर चित्रपट पाहायचा असेल, तर त्याला तो लहान करूनच दिला पाहिजे. आणि रूपांतराचा तिटकारा करणारा माणूस या जिल्ह्यात शोभेल तरी कसा? याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. पण आपण हे कोणासाठी करतो आहोत, कशासाठी करतो आहोत, हे त्यांनी श्रोत्यांपुढे उघड सांगून केले. पुढे त्याच ग्रंथाच्या नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले, आणि ते कोणी कोणाला सांगितले नाही. म्हणून शके 1506 मध्ये एकनाथांना प्रत शुद्ध करण्यासाठी बसावे लागले. पहिले काम सांगून केलेले होते, दुसरे नकळत झालेले. आमच्या घरातले यंत्र दुसऱ्या जातीचे काम करते, एवढीच माझी तक्रार आहे. मूळ फाइल डिस्कवर सुरक्षित असते, हे मला ठाऊक आहे. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जर कायम नक्कलच येणार असेल, तर मूळ प्रत जपण्याचे समाधान कपाटाने मानावे!

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमचे एक स्नेही खुर्चीत रेलून म्हणतात, “अहो, दिसते आहे ना? मग झाले तर!” हे ‘दिसते आहे ना’ आपल्या समाजाचे जुने दुखणे आहे. नळाला पाणी येते आहे ना, रस्ता आहे ना, शाळा भरते आहे ना! आपल्या स्नेह्यांना मी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. श्रीगोंदे तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ हा चित्रपट उभा केला. तो 2015 साली प्रदर्शित झाला. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ती कथा. असे चित्र आवळणे यंत्राला सर्वांत जड जाते. स्थिर भिंत आवळणे सोपे, कारण एका चौकटीतली भिंत दुसऱ्या चौकटीत तीच असते. पण वाऱ्याने हलणारे गवत, उडणारा फुफाटा, चालणारा कळप, यांत प्रत्येक ठिपका प्रत्येक क्षणी बदलतो. समजा, अशा चित्रपटाची सेकंदाला 20 मेगाबिटांची प्रत तुमच्याकडे आहे आणि सर्व्हरने ती मोडून दोन मेगाबिटांवर आणली. काय होईल? बोलणाऱ्या माणसाचा चेहरा बरा दिसेल, आणि माळरानाचे मात्र चौकोनी ठिगळांचे गोधडे होईल. ज्या मातीसाठी माणसाने माती विकली तीच नेमकी पुसली जाईल! आवाजाचेही तेच. ‘ख्वाडा’ला 2014 सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत ठिकाणावरच टिपलेल्या ध्वनीसाठी पारितोषिक मिळाले. सहा वाटांनी येणारा आवाज घरातल्या यंत्राने परस्पर दोन वाटांत कोंबावा आणि आपण म्हणावे, “ऐकू येते आहे ना?”

दुसरा आक्षेप अधिक खर्चाचा आहे. तज्ज्ञ मंडळी सांगतात, “तुमचा संगणक जुना झाला. मोठा घ्या. चित्र आवळण्याचे खास अंग असलेला घ्या.” काही कार्यक्रमांत ते अंग वापरायचे म्हणजे कार्यक्रमाच्या मालकालाही वेगळे पैसे मोजावे लागतात. आजार म्हशीला आणि डाग पखालीला म्हणतात तो हाच न्याय. लाडू मोडू नये, अशी माझी मागणी. त्यावर हे म्हणतात, लाडू अधिक वेगाने मोडणारा आचारी ठेवा!

नवे यंत्र घेण्याआधी यंत्र मोडतोड का करते हे विचारावे, अशी साधी रीत आहे. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. माडीवर सर्व्हर आणि खाली टीव्ही. मध्ये अंतर एका जिन्याचे. तरी टीव्हीवरचे चित्र नेहमी पुसट यायचे. इंटरनेट पुरवणाऱ्याने खाली एक राउटर बसवला होता आणि माडीवर सिग्नल पोहोचत नाही म्हणून त्यानेच दुसरा बसवून दिला होता. दोघांनी आपापली दोन स्वतंत्र जाळी मांडली. सर्व्हर माडीवरच्या जाळ्यात, टीव्ही खालच्या. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी आमचा टीव्ही परगावचा ठरला, आणि परगावच्या पाहुण्याला हलके वाढावे असा नियम त्या कार्यक्रमाने आपणहून घालून ठेवलेला! ओसरीवर बसलेल्या घरधन्याला वाटसरू समजून चुलीमागची भाकर वाढण्याचा हा प्रकार. माझ्या भाच्याने माडीवरचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर लावला, म्हणजे त्याचे वेगळे जाळे मोडून घरभर एकच केले. खर्च शून्य. त्या क्षणापासून चित्र लखलखीत झाले आणि पंखा निजला. मोठा संगणक आणला असता तर त्यानेही टीव्हीला परगावचाच मानले असते. फक्त हलके वाढण्याचे काम अधिक झपाट्याने केले असते.

आवाजाचे कारण याहून मौजेचे. डीटीएस नावाची एक ध्वनिपद्धती पुष्कळ ब्लू-रे तबकड्यांवर असते. एका बड्या कोरियन कंपनीने 2018 पासून आपल्या टीव्हींतून ती काढून टाकली. दुसरीने 2020 मध्ये काढली आणि 2023 मध्ये काही टीव्हींत परत घातली. म्हणजे जुना टीव्ही तोच आवाज विनातक्रार वाजवीत होता, आणि जादा पैसे देऊन आणलेला नवा टीव्ही तो ओळखत नाही! अशा वेळी शहाणा सर्व्हर आवाज तेवढा बदलतो आणि चित्राला हात लावत नाही. फाइलमध्ये दुसऱ्या पद्धतीचा आवाज असेल तर तो निवडला की तेही काम उरत नाही.

मोबाइलवर घेतलेल्या बारशाच्या चित्रणाची कथा निराळी नाही. आजचे पुष्कळ मोबाइल एच.265, म्हणजे एचईव्हीसी, या पद्धतीने चित्रण करतात. ती 2013 साली प्रमाण ठरली. एच.264 ही तिच्या आधीची, 2003 सालची, जवळजवळ सर्वांना समजणारी. नवी पद्धत निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र मावेल या हिशेबाने आखलेली. पण तिच्यावर पेटंटवाल्यांचे एकाहून अधिक तांडे हक्क सांगत बसले आहेत, आणि प्रत्येकाचा जकातनाका वेगळा. म्हणून कोणी ब्राउझर ती उघडतो, कोणी उघडत नाही. घरगुती सर्व्हर विकणाऱ्या एका परदेशी कंपनीने तर 2024 मध्ये आपल्या यंत्रांतून ती उलगडण्याचे काम सरळ काढून घेतले. तेव्हा अमेरिकेतल्या आजीने ब्राउझरमध्ये नातीचे बारसे उघडले की इकडे नगरात आमचा संगणक घामाघूम का होतो, याचे उत्तर पुष्कळदा विजेच्या तारेत नसते. ते वकिलांच्या कचेरीत असते. तिने ब्राउझर सोडून टीव्हीवरचे सर्व्हरचे ॲप वापरले, तर बहुधा काहीच मोडावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीने माझ्या रागाला खरी धार चढली तिच्याकडे येतो. माझ्या वहिनी ऐंशीच्या घरात आहेत. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. आता कान गेले आहेत. कानाचे यंत्र लावूनही टीव्हीतले बोलणे त्यांना गोंगाटासारखे लागते. त्यांच्यासाठी चित्रपटाखालची अक्षरे ही चैन नव्हे. आम्ही मंडळी सबटायटल्स लावून त्यांच्याबरोबर बसलो, की चित्र अडखळू लागे. सबटायटल्स बंद केली की सुरळीत. हे ध्यानात यायला घरच्यांना दोन रात्री पुरल्या, आणि मग घरोघरी होते तेच झाले. कोणीतरी हळूच म्हणाले, “वहिनींना गोष्ट ठाऊकच आहे. अक्षरे नसली तरी चालेल.” वहिनी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या रात्री त्या जेवण झाल्यावर आपल्या खोलीत वाचत बसल्या.

यामागचे कारण तपासले तर संताप येतो. डीव्हीडीवरची सबटायटल्स ही अक्षरे नसतातच. ती अक्षरांची चित्रे असतात. ब्लू-रेवरचीही तशीच. पुष्कळ टीव्हींतल्या ॲपना ही चित्रे वेगळी घेऊन वर ठेवता येत नाहीत. मग सर्व्हर काय करतो? सबंध चित्रपट उलगडतो, प्रत्येक चौकटीवर ती अक्षरे रंगवतो आणि पुन्हा आवळतो. तळाच्या एका ओळीसाठी सव्वादोन लाख चौकटींची मोडतोड! आणि ही शिक्षा कोणाला? ज्यांचे कान धड आहेत त्यांना मूळ चित्र, आणि ज्यांचे कान गेले त्यांनाच पुन्हा डोळ्यांना अंधुक! कोणी बुद्ध्या असा कायदा केला असता तर मोर्चे निघाले असते. पण यंत्राने केला, म्हणून तो निसर्गनियम समजून घरातल्या वृद्धेने उठून जायचे.

तीच अक्षरे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतील तर काहीही मोडावे लागत नाही. सर्व्हर चित्र जसेच्या तसे देतो आणि मजकूर शेजारून पाठवतो. अक्षरे उमटवण्याचे काम टीव्ही करतो. सबंध चित्रपटाचा मजकूर शे-दीडशे किलोबाइटांत मावतो. देवनागरीत मात्र आणखी एक खोड निघते. काही ॲपना आपली जोडाक्षरे लिहिता येत नाहीत. ‘क्ष’ फुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते किंवा ओळभर नुसते चौकोन दिसतात. त्यावर उपाय म्हणून लोक सर्व्हरला सांगतात, अक्षरे तूच रंगव. आणि फिरून मोडतोड सुरू. त्याआधी त्याच टीव्हीवर दुसरे ॲप लावून पाहावे. आमच्याकडे तेवढ्यानेच भागले.

पण हे कारण शोधायला दोन महिने का लागावेत, हा माझा खरा सवाल आहे. सर्व्हरला कारण ठाऊक असते. ठाऊक असल्याशिवाय तो मोडतोड करूच शकत नाही. त्याने टीव्हीला विचारलेले असते, टीव्हीने ‘हे मला येत नाही’ असे सांगितलेले असते, त्यावरूनच तो निर्णय घेतो. तो निर्णय पाहणाऱ्यापुढे एका ओळीत ठेवायला काय हरकत आहे? ‘सबटायटल्समुळे चित्र बदलले’, ‘दर्जाची मर्यादा ओलांडली म्हणून चित्र बदलले’, एवढेच हवे. हे अशक्य नाही. 2018 च्या डिसेंबरात एम्बी या कार्यक्रमाच्या मालकांनी त्याची दारे बंद केली, तेव्हा काही लोकांनी त्याच्या जुन्या उघड्या प्रतीवरून जेलीफिन हा मोफत कार्यक्रम उभा केला. त्यात असे कारण चक्क पडद्यावर वाचता येते. ज्यांनी एक पै घेतली नाही त्यांना हे जमते, आणि आमच्या घरी जो पैसे देऊन आणलेला कार्यक्रम होता त्याच्या टीव्हीवरच्या पडद्यावर मात्र ‘तुमच्या सोयीसाठी दर्जा जुळवला आहे’ एवढेच गोड वाक्य! सोय कोणाची? वहिनींची? सामान्य माणसाला तांत्रिक कटकट नको असते, असे हे लोक म्हणतात. सामान्य माणसाला दळणाचा डबा अर्धा किलो हलका आला तर कळतो आणि तो गिरणीवाल्याला त्याबद्दल विचारतोही. त्याला चित्रातले कळणार नाही हे तुम्हांला कोणी सांगितले?

म्हणून मी त्या कार्यक्रमाला घरातून रजा दिली. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांना माझे सांगणे आहे, की नवे काही विकत घेण्यापूर्वी एक रात्र खर्च करा. दर्जाच्या जागी ‘मूळ’ निवडा. सबटायटल्स बंद करून पाहा, मग आवाज बदलून पाहा, मग ॲप बदलून पाहा. एका वेळी एकच. ज्या बदलाने पंखा शांत होईल तो तुमचा चोर. तो पकडायला संगणकाची पदवी लागत नाही. आमच्याकडे अकरावीतल्या भाच्याने पकडला.

सर्व्हरवाल्यांइतकाच दोष मी आपल्या मराठी चित्रपटवाल्यांनाही देतो. आमच्या घरातल्या जुन्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या काढून पाहिल्या. ज्यांवर सबटायटल्स होती त्यांवर ती इंग्रजी. मराठी चित्रपट, पाहणारी बाई मराठी शाळेतली शिक्षिका, आणि आपल्याच भाषेतले संवाद कळून घ्यायला तिने वाचायचे इंग्रजी! बहिऱ्या माणसांसाठी मराठीतच मराठी अक्षरे द्यावीत, हे कोणाच्या स्वप्नातही आलेले दिसत नाही. कलावंतांच्या कपड्यांवर खर्च होतो, पहिल्या खेळाच्या फुलांवर होतो. संवादांची एक मजकुराची फाइल, जी पटकथेच्या वहीत तयारच असते, ती देताना मात्र हात आखडतो. महाराष्ट्रात ज्यांचे कान गेले आहेत अशी माणसे चित्रपटगृहापर्यंत येत नाहीत म्हणून ती नाहीतच असे समजायचे काय?

आमच्यापुरता तोड वहिनींनीच काढला. तबकडीवरच्या अक्षरांच्या चित्रांवरून मजकूर वाचून काढणारा सबटायटल एडिट नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे. भाच्याने त्याच्याकडून एका जुन्या चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स मजकुरात उतरवून घेतली. कोणती ओळ किती वाजून किती सेकंदांनी यायची, हे त्यात आयतेच मिळते. वहिनींना तो चित्रपट लहानपणापासून पाठ. त्या आता एकेक इंग्रजी ओळ खोडून तिच्या जागी चित्रपटातले खरे मराठी वाक्य लिहितात. सकाळी पूजा आटोपली की दोन तास बसतात. फाइल यूटीएफ-8 या पद्धतीनेच जतन करायची, नाहीतर देवनागरीचा चुरमुरा होतो, हे त्यांनी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला डकवले आहे. पूर्वार्ध झाला आहे. परवा त्यांनी भाच्याला दोनदा हाक मारली. कळफलकावर ‘ळ’ सापडत नव्हता.